जोड्या जुळवा

निपाणीत स्टँडमागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान.
मराठी, कन्नड, इंग्लिश. पानाला वीस रुपये,
भाषा कुठलीही असो.

जिनगोंडा पाटलांची तंबाखूची वखार जळाली
त्याच्या तिसऱ्या दिवशी निंगाप्पा आला, तिथला राखणदार.
भुवया करपलेल्या, हातात इन्शुरन्सचा फॉर्म:
घटनेचं वर्णन, इंग्रजीत, दहा ओळींत.
तो खुर्चीवर टेकला आणि मला ठसका लागला,
शर्टात अजून धूर होता.

मी ड्रॉवरमधून बारावीची वही काढली.
मस्करेन्हस बाई म्हणायच्या,
इंग्रजीत शब्दांच्या सोयरिकी आधीच ठरलेल्या असतात,
आपण फक्त अक्षता टाकायच्या.
पाऊस हेवी, आग हेवी नाही.
आग रेजिंग. धूर थिक.
आग ब्रेक आउट होते, घर कॅच फायर करतं,
मुद्दाम कुणी केलं तर सेट फायर टू.
परीक्षेत चार मार्कांना यायचं: जोड्या जुळवा.

कॅच! मला तेव्हाही हसू आलं होतं.
म्हणजे घरच धावत जाऊन आगीला झेलतं?
आणि ब्रेक आउट, म्हणजे हिंडलग्याचा जेल फोडून
कैदी पळावा तशी?
आमच्याकडे आग नुसती लागते,
जशी भूक लागते, उचकी लागते, दृष्ट लागते,
एखाद्याला नोकरी लागते.

"सांग," म्हटलं, "पहिल्यापासून."
निंगाप्पा कन्नडमध्ये निघाला आणि मध्येच मराठीत आला,
कोगनोळीचा नाका रिकामा असावा तसा.
"निद्दी हत्तित्री अक्का, बेंकी हत्तित्री."
मग, मला कळलं नसेल असं वाटून,
"डोळा लागला. आग लागली."

माझी बोटं तिथंच थांबली.
दोन भाषा, आणि दोन्हींत
झोपेला आणि आगीला एकच क्रियापद.
त्याच्या तोंडात त्या दोघी
एकाच घोंगडीवर शेजारी बसल्या होत्या,
एकीनं दुसरीचं काही बिघडवलेलं नव्हतं.
इंग्रजीत त्यांना उठवून वेगळं बसवावं लागणार.
फेल अस्लीप. पूर्णविराम. ब्रोक आउट.
पहिल्या वाक्यानं दुसऱ्याकडे रोखलेलं बोट.
हुबळीचा सर्व्हेअर ते बघणार, पाटील बघणार,
आणि महिना अकरा हजारांची नोकरी,
रेजिंग नाही, ब्लेझिंग नाही,
नुसती विझणार.

"बिडी ओढत होतास?"
"तंबाखूच्या वखारीत बिडी कोण ओढतं अक्का?
तिथं श्वास घेतला तरी पुरतं."
मग पायाच्या अंगठ्याकडे बघत,
"वायर होती. जुनी. मालकांना दोनदा सांगितलेलं."

मी टाइप केलं: द वायरिंग कॉट फायर.
पहिल्यांदाच कॅच मला पटलं.
ती वायर खरंच कित्येक महिने हात पसरून उभी असणार.
पुढं स्प्रेड रॅपिडली, पुढं अंडर कंट्रोल,
बाईंनी लावलेली सगळी लग्नं मी टिकवली.
नऊ ओळी झाल्या.
झोपेचं काही लिहिलं नाही.

मराठीत वाचून दाखवलं. त्यानं मान डोलावली.
"आणि डोळा लागला ते?"
"त्याला इंग्रजीत जोडी नाही मिळाली," मी म्हटलं.
हे खोटं त्यालाही कळलं असावं,
कारण त्यानं पेन मागितलं,
आणि सही करायच्या आधी, दहाव्या ओळीच्या जागी,
कन्नडमध्ये, गोल गोल, सावकाश,
शाळेतल्या पाटीवर लिहावं तसं
दोन शब्द लिहिले.
हुबळीच्या माणसाला ते वाचता येणारच होते.

"खोडू?" मी विचारलं.
"नको," म्हणाला. "तेवढं खरं असू दे."

वीस रुपयांची नोट त्यानं कीबोर्डवर ठेवली.
मी दोन परत दिले.
एक ओळ त्याची होती.